दोन्ही बाजू दोनशे चाळीस

३ मार्च

ताई जीप बघायला गेली आणि पसंत करूनच आली. मला न विचारता! घरात गाडीखाली लोळणारी एकटी मी, मिस्त्रीकडे दीड वर्ष हात काळे करतेय — आणि ताईने विचारलं कुणाला? आईला. आईला गाडीतलं काय कळतं? केस बघायला आरसा असला की गाडी चांगली.

एकवीस वर्षांची आहे जीप. माझ्याहून दोनने मोठी. हिरवी होती म्हणे. आता हिरवं कुठे संपतं नि गंज कुठे सुरू होतो ते कळत नाही. विकणारे एक रिटायर मास्तर. काठी घेऊन, डावा पाय ओढत चालतात. मी लगेच नाव ठेवलं — तिरके मास्तर.

"का विकतायत ते तरी विचारलंस?"

"पाय साथ देत नाही म्हणाले. क्लच दाबवत नाही."

"आणि तू विश्वास ठेवलास."

"तुझ्यावर ठेवते त्याहून जास्त. तुझ्यावर मुळीच ठेवत नाही."

हे अती झालं. गेल्या आठवड्यात तिच्या स्टेथोस्कोपच्या नळीत कापूस कोंबला होता मान्य, पण म्हणून?

५ मार्च

डोकं थंड करून लिहितेय. ताई गुरांची डॉक्टर. खाणीच्या वरच्या वस्त्यांवर तिची स्कूटर चढत नाही. मागच्या महिन्यात तिकडे एक गाय अडली. ताई बॅग घेऊन दीड तास चढली. पोचली तेव्हा गाय गेलेली, वासरूही. घरी येऊन बूट न काढता जेवायला बसली आणि आई तिला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून जीप, जीप, जीप.

जीप हवी हे मलाही पटतं. पण तो रस्ता मी पाहिलाय. उतरताना एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ऐन उतारावर ब्रेकने दगा दिला तर — नाही लिहीत.

म्हणून तपासणीचे सगळे कागद मागवले. मास्तरांनी पूर्ण फाईल पाठवली. पाच तपासण्या, तारखेने लावलेल्या, वर प्लास्टिक. इतकी नीट फाईल बघून माझा संशय दुप्पट झाला. खरी माणसं कागद असे ठेवतात का?

७ मार्च

सापडलं! तिसऱ्या तपासणीत किलोमीटर एक लाख बेचाळीस हजार. चौथीत नऊ हजार. गाडी मधल्या काळात रिव्हर्समध्ये चालली की काय? मीटर फिरवलाय म्हाताऱ्याने. इतका राग आला की त्या ९०००च्या तिन्ही शून्यांना पेन्सिलने मिशा काढल्या. जुनी खोड. गोल दिसला की हात शिवशिवतो. शाळेत गणिताच्या वहीपायी पट्ट्या खाल्ल्यात, तरी सुटली नाही.

मग फोन लावला. नाक दाबून, जाड आवाजात — "नमस्कार, तपासणी केंद्रातून बोलतोय. तुमच्या गाडीचं वय कमी होत चालल्याची तक्रार आहे."

मास्तर म्हणाले, "जुना मीटर बंद पडला, नवा बसवला. पावती फाईलच्या शेवटच्या कप्प्यात आहे. आणि बाळ, सर्दी झाली असेल तर वाफ घे."

पावती होती. ताई हसून हसून खुर्चीतून घसरली.

८ मार्च

ताई दिवसभर माझ्याशी नाक दाबून बोलतेय. आईसुद्धा.

१० मार्च

मिस्त्री आज जीपखाली शिरले. पाठीवर झोपून पुढून मागे सरकत गेले, पान्याने चासी ठोकत. टण. टण. टण. मी बॅटरी धरून. डावीकडे पुढे आल्यावर आवाज बदलला.

"इथे नवा तुकडा जोडलाय. आदळलीय ही कुठेतरी. डावीकडून, जोरात."

"अपघात?"

"मला काय विचारतेस, मी होतो का आत? काम मात्र चोख केलंय ज्याने केलंय त्याने. पुढचे ब्रेक सगळे नवे. माझ्या गाडीचे बरे नाहीत इतके."

ते पुढे बरंच बोलले. मला 'आदळलीय' एवढंच ऐकू येत होतं. तिरके मास्तर! पावत्या जपून ठेवता आणि अपघात गिळून टाकता? तशीच ग्रीसच्या हातांनी ताईच्या दवाखान्यात गेले. ती एका बोकडाचा कान साफ करत होती.

"मला पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांनी," ती म्हणाली. "त्यातच त्यांचा पाय गेला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मी सांगितल्या सांगितल्या तू त्यांना नाव ठेवलंस. म्हटलं, हिला पायाचं कळलं तर उद्या चालून दाखवेल."

मी चालून दाखवलं होतं. त्याच संध्याकाळी, आईसमोर. आई हसली नव्हती.

स्वतःवर चिडायची सवय नाही मला. जमत नाही.

११ मार्च

मास्तरांकडे गेले. नाक न दाबता. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. एक बसायला, दुसरीवर उशी — पाय ठेवायला. मला बसता यावं म्हणून त्यांनी पाय खाली घेतला. घेताना तोंडाने हवा ओढली. मी उभीच राहते म्हटलं तर ऐकेनात.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी जीप घेतली ती कागद बघूनच. घ्यायच्या आधी तपासणी करून घेतली, पास झाली. तीन आठवड्यांनी घाट उतरत होते. ब्रेक दाबला. डाव्या चाकाने धरला, उजव्याने धरलाच नाही. गाडी गर्रकन डावीकडे फिरली आणि कठड्यावर. पाय पेडलखाली दोन तास अडकलेला.

"नंतर गॅरेजवाला म्हणाला, उजवीकडची ब्रेकची नळी कित्येक महिने बुजलेली होती. रोलरवर चाकं फिरवली असती तर मशीनने लगेच दाखवलं असतं."

तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. केंद्रातून मिळते ती छापील प्रत. पुढचा ब्रेक, डावा २४०. उजवा २४०.

"दोन चाकं इतकी सारखी कधीच नसतात. मी तीस वर्षं गणित शिकवलं गं. तरी तेव्हा हे मला दिसलं नाही."

मी कागद टेबलावर आपटला. कारण मला माहीत आहे तिथे काय चालतं. मीही त्या केंद्रात सहा आठवडे होते, आकडे कागदावर उतरवायला. साहेबांच्या खुर्चीखाली भोंगा लावला म्हणून हाकललं. चहाच्या वेळी रोलर बंद करायचे. बाहेर रांग, ड्रायव्हर हॉर्न मारतायत. मग आतलं कुणीही मनाने आकडा टाकायचं आणि गाडी पुढे. मीही टाकलेत एखाद-दोन, धुराच्या रकान्यात. धुराने कुणी कठड्यावर जात नाही. पण ब्रेक? कसला माणूस असेल तो! त्या तारखेला मी तिथे होते की हाकलली गेले होते, आठवत नाही. गेलेच असेन.

"मी शोधून काढते त्याला," म्हटलं. "चारचौघांत उभा करते."

"उभा कशाला करतेस. मला एकच विचारायचंय. मशीन चालू होतं का?"

मग फाईल बंद करताना त्यांना ९०००च्या मिशा दिसल्या. "ह्या कुणी काढल्या?"

"सॉरी. खोड आहे माझी."

"छान आहेत," म्हणाले.

१२ मार्च

केंद्रात गेले. खिडकीत अजून तीच चष्मेवाली बाई.

"तू? भोंगा?"

"भोंगा विसरा. एक मूळ कागद हवाय. हाताने लिहिलेला."

"तीन वर्षांचे ठेवतो आम्ही. पण मालकाची सही लागते. सोमवारी त्यांना घेऊन ये."

बाहेर पडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. तो जाडा? तो पान्याने दात कोरणारा? प्रत्येकाला मनातल्या मनात एकेक लगावून आले.

१४ मार्च

ताई सकाळी म्हणाली, "जीपचे ब्रेक तू तपास. तू हो म्हणालीस तर घेते. नाहीतर नाही."

"मी? माझ्यावर मुळीच ठेवत नाहीस ना?"

"ह्या एका बाबतीत ठेवते. उतरायचं मला आहे."

मिस्त्रींच्या ओळखीच्या मोठ्या गॅरेजात रोलर आहे. तीनदा फिरवलं. मग उतारावर नेऊन अकरा वेळा कचकचून दाबले. मिस्त्री म्हणाले, "पुरे, माझी न्याहारी वर येतेय." डावा २३१, उजवा २२४. खरे आकडे असेच असतात, ओबडधोबड. कागदावर लिहिले, खाली नाव घातलं, ताईला दिला. तिने वाचला, घडी घातली, औषधांच्या बॅगेत ठेवला. एवढंच. तरी दिवसभर छाती फुगलेली.

१५ मार्च

उद्या सोमवार. त्या नालायकाला काय काय बोलायचं ते पाठ करतेय. पहिलं वाक्य — "तुझ्या बहिणीला बसवशील का त्या गाडीत?" मिस्त्री म्हणतात, हे चांगलं आहे, हेच ठेव.

१६ मार्च

बाईने कागद काढून खिडकीतून सरकवला. मास्तर काठीवर भार देऊन माझ्या शेजारी. ब्रेक, डावा २४०. उजवा २४०. दोन्ही शून्यांना मिशा.

त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडले नाहीत.

"मशीन चालू होतं का, बाळ?"

"नाही," म्हटलं.