नीलोफरची बुटकी बेसिनं

अल-खोबर, मंगळवार, संध्याकाळ

नीलोफरची नर्सरी बघून आले. गेल्या वर्षापर्यंत माझ्याच फ्लॅटमधल्या पाळणाघरात पोरं सांभाळायला यायची, आता त्या नर्सरीची मुख्य बाई झालीय. डोक्यातून ती पिवळी, बुटकी बेसिनं जात नाहीत. मुलं आपापली जाऊन हात धुतात. मी इथे एकेकाला कमरेवर उचलून नळापाशी नेते.

नर्सरी सौदी मालकिणीची, परवाना असलेली. नोकरी करणाऱ्या आयांच्या फीचा काही भाग सरकारच भरतं.

"पण मेघाताई, भिंतीचा रंग सरकारवाले ठरवणार, गाणीसुद्धा मंजूर करून घ्यायची," ती कुरकुरत होती. "तुझं बरं आहे, तुला विचारणारं कोणी नाही." आणि बोलता बोलता एका बेसिनचा नळ ओढणीने पुसत होती. कौतुकाने.

मी म्हटलं, "म्हणूनच त्या फंदात पडले नाही. सरकारचा पैसा आला की सरकार वर्गात येऊन बसतं."

पटतंच मला हे. मग एवढं जळतंय काय? आणि फंदात पडायचं म्हटलं, तरी नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या रहिवासी कार्डावर, इथे राहणाऱ्या मला नर्सरीचा परवाना कोण देणार होतं?

निघाले तेव्हा तिच्या मुलांचं गाणं खाली पार्किंगपर्यंत ऐकू येत होतं. मंजूर झालेलंच असणार, पण खिडक्या सताड उघड्या.

माझी पोरं हवं ते गातात. फक्त दारावरची बेल वाजली, की कुणी न सांगता एकदम गप्प होतात. मी शिकवलेल्यातलं तेवढंच त्यांचं अगदी पक्कं आहे.