चिंचेच्या कवितेचं चौथं कडवं

गुरुजी, तुमच्या सायकलचं स्टँड लावल्याचा तो 'खट्ट' आवाज अजून माझ्या कानात आहे. शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली तो वाजला की आम्ही पाचवीची पोरं श्वास रोखून बसायचो, कारण पुढचा आवाज बहुधा कुणाच्या तरी पाठीतून निघायचा. कवितेच्या तासाला मात्र तुम्ही निराळेच असायचात. "कविता बसून म्हणायची नसते. उभे राहा, हाताची घडी घाला, पोटातून म्हणा. आणि मध्ये थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून!" त्या चिंचेवर तुम्ही स्वतः रचलेली कविता आमच्याकडून तशीच पाठ करून घेतलीत, रोज एक कडवं. चौथ्या दिवशी माझ्या खिशात त्याच चिंचेचे चार आकडे सापडले. "जिची कविता म्हणतोस तिलाच खातोस? चल, बाहेर हो!" मी चिंचेखाली उभा, आणि आत वर्ग चौथं कडवं घोकतोय. माझ्यापर्यंत चाल तेवढी पोचत होती, शब्द खिडकीतच अडकत होते. पुढे तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही, आणि तुम्हीही ती कविता कुठे छापली नाहीत.

आता मी लखनौला असतो. रेल्वेतून निवृत्त झालो आणि वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर करून इथलाच झालो. माझी नात इथल्या विद्यापीठात शिकते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिच्या वर्गाची पोलंडमधल्या एका वर्गाशी जोडी लावलीय. दोन्हीकडची मुलं आपापल्या देशात बसून लॅपटॉपवर एकत्र शिकतात, एकच काम मिळून करतात आणि मार्कही मिळूनच घेतात. यंदाचं काम असं, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शाळेत पाठ झालेली कविता म्हणायला लावायची. त्यांनी आपली शिकायची, आपण त्यांची.

"आजोबा, पूरी याद है ना?"

"पूरी म्हणजे? झोपेतून उठव, म्हणून दाखवतो."

"पक्का? मैंने सबको बोल दिया है, ऐसी कविता है जो किसी किताब में नहीं मिलेगी. नाक मत कटवाना, यार."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाळ, एक कडवं कमी आहे. पण तिचे डोळे असे चमकत होते की मी नुसती मान हलवली.

दुपारी लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडद्यावर पोलंडची बारा मुलं, त्यांच्या बाई आणि इकडची सगळी मंडळी. नातीनं खूण केली आणि मी सवयीनं उठून उभा राहिलो, हाताची घडी घातली, सुरू केलं. पहिल्याच ओळीला ती खालून माझा कुर्ता ओढायला लागली. "आजोबा, बैठिए! सिर्फ़ पेट दिख रहा है!" आता तुम्हीच सांगा, थांबणार कसा? थांबलो तर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणत राहिलो. सारं पोलंड माझ्या लखनवी चिकनकारीच्या कुर्त्याकडे बघत कविता ऐकत होतं. तुम्ही पोटातून म्हणायला सांगितलं होतंत, पण इतकं नव्हे. दुसऱ्या कडव्याला त्यांना वाटलं असावं की ही आमच्याकडची रीतच आहे. आधी त्यांच्या बाई उठल्या, मग एकेक करून सगळी मुलं. मी पाहतो तर पडद्यावर घडी घातलेल्या हातांची तेरा पोटं, डोकं एकालाही नाही.

तिसरं कडवं संपलं. चौथ्याची चाल आली, शब्द नाहीत. तेरा पोटं वाट बघतायत, खाली नात श्वास रोखून बसलीय, अगदी आम्ही पाचवीत बसायचो तशी. गुरुजी, साठ वर्षं मी त्या चालीवर निरनिराळे शब्द घालून पाहिलेत. ऑफिसच्या मीटिंगांत, किंवा इथल्या चौक बाजारात बायको दुकानात साड्या उलगडत असताना बाहेर रिक्षात बसून. त्यातलेच कुठलेसे तोंडातून निघून गेले:

सुटली शाळा, मिटली पाने,
घरी निघाली सगळी पोरे;
चिंच एकटी उभी राहते
धरून शेंगा, मोजत तारे.

टाळ्या पडल्या. नात म्हणाली, "आजोबा, लास्ट वाला तो सबसे बेस्ट है!" मग दोन्हीकडच्या मुलांनी मिळून भाषांतर केलं. पोलंडात चिंच नाही, तेव्हा चिंच कशी दिसते यावरच तीन बैठका झाल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी कविता म्हणून दाखवली, उभ्यानं, पोटं पुढे करून. भाषांतराखाली कवी म्हणून तुमचं नाव. चौथ्या कडव्याखालीसुद्धा. वाईट असेल तर बदनामी तुमची, बरं असेल तर चोरी माझी. आणि तुमचं खरं कडवं, ज्याविषयी आता या जगात विचारावं असं कुणी उरलेलं नाही, ते मी माझ्याच हातानं कायमचं झाकून टाकलं. नातीला खरं सांगावं तर तिचं काम खोटं ठरतं, म्हणून तुम्हाला लिहितोय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही. टेबलाच्या खणातच राहील. चौथं कडवं माझं आहे, गुरुजी. आणि खरं सांगू? मला ते आवडतं.

बेल वाजतेय. उघडून येतो.

पेन पुन्हा हातात घेतलंय. दारात नात होती. "आजोबा, सरप्राइज़! पोलैंड वाली मैम युनिवर्सिटी आई थीं, मैं घर ले आई." तिच्यामागे एक उंच, पिकल्या केसांची गोरी बाई. तिनं आधी माझ्या कुर्त्याकडे पाहिलं, ओळख पटल्यासारखी हसली आणि मगच नजर वर माझ्या तोंडाकडे नेली. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं पायपुसण्यावरच पाय जुळवले, हाताची घडी घातली आणि अडखळत, पण पोटातून, मराठीत थेट शेवटच्या कडव्याला सुरुवात केली. या वेळी शब्द स्वच्छ ऐकू येत होते. ती बाहेर उभी, मी आत, आणि मी तिला "आत या" म्हणायचंच विसरलो.