पाखरू उपाशी राहता कामा नये

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून मी टेस्टिंगला. नातीच्या ऑफिसने गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप काढलंय, विसराळू म्हाताऱ्यांसाठी. मी विसराळू नाही. म्हणूनच मला निवडलं असणार. पोहता येणाऱ्यालाच नदीची खोली मोजायला पाठवतात.

नात म्हणाली, आजी, महिनाभर वापर, काय आवडलं, काय नाही, ते लिहून ठेव. लोकांना ॲप आवडलं तर ती नोकरीत कायम होणार. नाहीतर तिची साहेबीण हातात नारळ देणार. मी म्हटलं, बाळ, निर्धास्त राहा, आता ते माझ्या हाती आलंय.

हे लिहिणं मात्र माझ्यापुरतं. तिला काय ते तोंडी सांगीन. शाळा माझी चौथीपर्यंत, पण तिसरीत दोन वर्षं होते, म्हणजे अनुभव पाचवीचा.

दुपार

ॲपात एक पाखरू आहे. गोळीची वेळ झाली की मान टाकून बसतं. आपण गोळी घ्यायची आणि ‘घेतली’ असं बटण आहे ते दाबायचं. दाबलं की पाखरू टुपकन दाणा टिपतं, शेपटी उडवतं, शीळ घालतं. फोन हातात असा थरथरतो, जसं काही तान्हं मूल हसतंय. अगं बाई! नातीला विचारलं, हे कुणाचं डोकं? म्हणाली, माझंच. ह्याला डिलाइट म्हणतात. माणसाला पुन्हा पुन्हा दाबावंसं वाटलं पाहिजे.

पोर माझ्यावर गेलीय.

बटणही चांगलं बशीएवढं. बँकेच्या ॲपातलं मुंगीएवढं असतं. दाबायला जावं एक, उघडतं भलतंच, आणि ते बंद करायला जावं तर तिसरंच.

५ फेब्रुवारी

ॲपाने माणसावर खेकसू नये, हे माझं पहिलं मत. विजेच्या बिलाचं ॲप सारखं म्हणतं, काहीतरी चुकलं. काय चुकलं ते सांगत नाही. आमचे हे असेच होते. पहिला घास घेतला की म्हणायचे, काहीतरी चुकलंय. आणि पेपर उघडायचे. मग मीठ चुकलं की मी चुकले, आपणच शोधत बसा. पाखरू काही म्हणत नाही. नुसतं मान टाकतं. ते जास्त लागतं.

८ फेब्रुवारी, सकाळी सात

पाखरू उपाशी. गोळ्या स्वयंपाकघरात, मी अंथरुणात. मुक्या जिवाला ताटकळत ठेवून तिथवर कोण जाणार? आधी बटण दाबलं. गोळी चहानंतर.

साडेअकरा

चहानंतर भाजीवाली आली. तिच्या सुनेला दिवस गेलेत. असं ऐकून लगेच आत कसं जाणार? गोळी आता जेवणानंतर.

संध्याकाळ

उद्यापासून आधी गोळी, मग पाखरू. नियम म्हणजे नियम.

११ फेब्रुवारी

नियम पाळला. म्हणजे पाखरू आधीच झालं, पण गोळीचा विचार करत करतच दाबलं.

१४ फेब्रुवारी

रोज न चुकता दाबलं की पाखराला नवीन पिसं फुटतात. माझ्या पाखराला निळी शेपटी आली! शेजारच्या मास्तरीणबाईंनाही नातीने हेच ॲप दिलंय. त्या रिटायर झाल्यापासून आम्हालाच शिकवतात. मुद्दाम त्यांच्याकडे गेले. त्यांचं पाखरू अगदी उघडंबोडकं. म्हटलं, अहो बाई, काय हे हाल? म्हणाल्या, दोनदा गोळी राहिली, मग बटण कसं दाबणार? शिकलेल्या माणसांना दयामाया कमीच. हे मी बोलले नाही. फक्त आमची शेपटी दाखवली आणि चहा न घेता आले.

१७ फेब्रुवारी

शोध लागला. सकाळचं दाबल्यावर तिथेच संध्याकाळचंही दाबता येतं! दोन्ही वेळचं एकदम आटोपलं. पाखरू तृप्त, मी दिवसभर मोकळी. नातीने माझ्यासाठीच सोय ठेवली असणार. चांगलं डिझाईन असंच असतं, माणसाला अडवत नाही.

सूनबाई डबे पुसत होती. म्हणाली, आई, तुमच्या गोळ्या संपत कशा नाहीत हो? म्हटलं, जपून वापरते.

डबा हलवून बघितला. कौतुक वाटलं असेल. पण तिला ते तोंडाने सांगता येत नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी उठताना खोली गोल फिरली. नात मला घेऊन डॉक्टरांकडे. प्रेशर चढलेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घेता ना? मी फोन पुढे केला. निळी शेपटी, डोक्यावर तुरा, एक दिवस चुकलेला नाही. डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, मग ही गोळी तुम्हाला पुरत नाही, जास्त ताकदीची देतो.

नातीने माझा हात धरला. म्हणाली, आजी, एवढं नीट घेतेस आणि तरी असं? तिचे डोळे भरले. मग माझेही भरले.

डॉक्टरांचं निदान कच्चं आहे. चक्कर उशीमुळे आली असणार.

नवी गोळी ही एवढी मोठी. बघूनच घशाला कोरड पडते. उद्यापासून नक्की.

२४ फेब्रुवारी

नाही म्हणायला दुसरी चक्कर आली, पण तो विषय वेगळा. आनंदाची बातमी: सगळ्या टेस्टिंगवाल्यांत माझं पाखरू पहिलं! ऑफिसात बोलावलंय. साहेबिणीसमोर अनुभव सांगायचा. नात म्हणाली, आजी, त्याच दिवशी माझं कायमचं ठरेल, तू फक्त खरं सांग. म्हटलं, बाळ, मी आहे ना.

भाषण तयार केलं. पाखराला जोडीदार द्यावा. शीळ मोठी करावी, शेजारी ऐकू जाईल इतकी. घरट्याचं बघावं. गोळीबद्दल काय बोलावं ते सुचलं नाही. तसा तो भाग ॲपात लहानच आहे.

२८ फेब्रुवारी, दुपार

ऑफिस म्हणजे नुसती काच. दार कुठलं नि भिंत कुठली कळेना. ह्यांनी आधी हे डिझाईन सुधारावं. खुर्चीला चाकं. बसले ती थेट कपाटाशी पोचले. साहेबिणीनेच ओढून टेबलाशी आणलं. बाई बोलायला गोड. म्हणाली, आजी, तुमच्याइतकं नियमित कुणीच नाही, कसं जमवता?

मग मी सुरू झाले. म्हटलं, अगदी सोपं आहे. डोळे उघडले की अंथरुणातच दोन्ही वेळचं दाबून टाकायचं. पाखरू उपाशी राहता कामा नये. मग आपल्याला घाई नाही.

साहेबीण म्हणाली, आणि गोळी?

म्हटलं, ती काय, आठवली की घ्यायची.

सगळे चिडीचूप. मोठ्या भाषणानंतरच लोक इतके शांत होतात. साहेबिणीने नातीकडे पाहिलं. नात पांढरीफटक. म्हणाली, आजी, डॉक्टरांनी तुझा फोन बघून गोळी वाढवली गं. आणि उठून बाहेर फोन करायला गेली. पाहुण्याला एकटं टाकून असं जाऊ नये. मी बाकीच्यांना तुरा दाखवला. कुणी धड पाहिला नाही.

संध्याकाळ

डॉक्टरांनी जुनीच गोळी ठेवायला सांगितली. म्हणाले, ही ताकदीची एकदम सुरू केली असती तर कुठेतरी पडल्या असत्या. म्हणजे घेतली नाही तेच बरं झालं. हे मी बोलून दाखवलं. घरात कुणी हसलं नाही.

४ मार्च

माझ्या एका भाषणावर अख्खं ॲप नव्याने करायला घेतलंय! एवढा मान कुणाला मिळतो?

पाखरू काढून टाकलं. नातीचं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. साहेबीण तिला म्हणाली म्हणे, गंमत गोळी घेण्यात हवी होती, तू ती बटणात घातलीस. मला पटलं नाही. नात मात्र ताटावर नुसती बसते. शेवटी विचारलं, बाळ, माझ्यामुळे झालं का गं? म्हणाली, नाही आजी. मी महिनाभर तुझं पाखरूच बघत बसले, तुझ्याकडे बघायचं राहून गेलं.

म्हटलं, पाखरू होतंच तसं.

हसली. अर्धंच, पण हसली. घास मात्र पुरा घेतला.

७ मार्च, सकाळ

फोन वाजला. नात, ऑफिसातून. म्हणाली, आजी, गोळी? म्हटलं, घेतली. म्हणाली, पाण्याचा आवाज नाही आला. म्हटलं, कोरडीच गिळली. म्हणाली, बरं, मग आता पाण्याबरोबर घे, मी फोन धरते.

म्हटलं, अगं, तुला कामं नाहीत का? म्हणाली, आहेत. आणि धरूनच राहिली.

उठावं लागलं.