जाईबाईच्या जागी

ठाणे
५ जानेवारी १९८७

प्रिय सुमा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला अजून रेंगाळतोय. वृंदाला बालवाडीत घातलं. जाताना रडते आणि घरी यायच्या वेळी तिथून हलत नाही म्हणून पुन्हा रडते. तुझं नव्या वर्षाचं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळींचं का होईना, मिळालं.

त्याच टपालात जाईबाईचं पाकीट होतं. नेहमीसारखं वर माझं नाव आणि कोपऱ्यात ‘जाईबाईस वाचून दाखवणे’. पोस्टमन म्हणाला, “वहिनी, आज काय पोथी आलीय काय?” सात पानं लिहितेस गं तू तिला! तुझी बदली होऊन दीड वर्ष झालं, तेवढ्यात तिला अकरा पत्रं आली. मला किती आली ते मी मोजलेलं नाही. मोजायला हाताची बोटं पुरतात.

तर तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सव्वीस जानेवारी सोमवारी येते, शनिवार-रविवार जोडून तीन दिवस ये, तुला मकबरा दाखवते, दौलताबादचा किल्ला दाखवते, वेरूळला नेते, असं तू लिहिलंस. वाचताना मला जरा हसूच आलं, रागावू नकोस. जन्मभर दारोदार म्हावरं विकणाऱ्या बाईला लेण्यांतलं काय कळणार? ती खाडी सोडून कुठे गेलेली नाही. शेजारच्या दिवा गावात सोयरीक केली तर महिनाभर सांगत होती, जसं काही परदेशात केली. असो, हौस तुझी. पण ती यायची नाही. गेल्या महिन्यात मुलाचं, काळुरामचं लग्न झालं, घरात नवी सून आहे, शिवाय तिचे गुडघे. तिने सांगितलं तसं उत्तर लिहून सोबत जोडलंय.

मग मी विचार केला, तुझी एवढी तयारी फुकट का घालवायची? मीच येते. शनिवारची किरकोळ रजा टाकली आहे. सोमवारी झेंडावंदनाला नसले तर साहेबांचं तोंड आठवडाभर वाकडं राहील, राहू दे. ह्यांना आणि वृंदाला सासूबाईंवर सोपवून एकटीच येतेय. शुक्रवारी तेवीसच्या संध्याकाळच्या एस.टी.चं रिझर्व्हेशनसुद्धा केलं, खिडकीची जागा मिळाली.

कार्यक्रम मी आखून टाकलाय, तुला काही बघायला नको. शनिवारी सकाळी जरा पाठ टेकायची, दुपारी मकबरा आणि पाणचक्की. रविवारी पहाटे निघून आधी दौलताबाद, ऊन चढायच्या आत किल्ला चढायचा, मग वेरूळ. कैलास लेणं बघायला किमान दोन तास हवेत. सोमवारी सकाळी हिमरू शाली बघू, घेऊच असं नाही, आणि दुपारच्या गाडीने मी परत. वाचनालयातून वेरूळवरचं पुस्तक आणलंय, निम्मं वाचून झालं. तुला निदान कोणीतरी समजून बघणारं सोबत असेल.

येताना वालाचं बिरडं आणते, मोड काढून, सोलून. सुधीरभाऊजींना आवडतं. आणि काळजी करू नकोस, माझ्या पिशवीला सुक्या बोंबलांचा वास येणार नाही.

भाऊजींना नमस्कार. उत्तराची वाट बघत नाही, निघतेच.

तुझी,
सरोज

(सोबतचं पत्र)

ठाणे
५ जानेवारी १९८७

सुमतीबाईंना जाईबाईचा नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. सरोजबाईंनी वाचून दाखवले. आपण बोलावलेत त्याबद्दल आभारी आहे. परंतु माझे गुडघे फार दुखतात, किल्ला चढणे जमणार नाही. घरी नवी सून आल्यामुळे घर सोडता येत नाही. तरी आग्रह करू नये. आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी.

सरोजबाई आपल्या जवळच्या आहेत. त्यांना सगळे दाखवावे.

जाईबाई
(अंगठा)

ठाणे
२३ जानेवारी १९८७

प्रिय सुमा,

दार उघडल्यावर तुला मी दिसले नसेन. जाईबाईला आत घे, हातपाय धुवायला गरम पाणी दे, चहा दे. चहात साखर जास्त लागते तिला, तुला ठाऊकच आहे. मग एका बाजूला बसून हे वाच. मोठ्याने वाचलंस तरी चालेल. तिला सगळं माहीत आहे.

तिचे गुडघे दुखत नाहीत. कधीच दुखत नव्हते. ते पत्र मी लिहिलं, माझ्या मनाने, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून. तुझं निमंत्रण तिला वाचून दाखवलंच नाही. अंगठा शाईच्या डबीत बुडवून मीच उठवला, माझा स्वतःचा. आणि तुला पाठवलेला तो कार्यक्रम, मकबरा, दौलताबाद, ऊन चढायच्या आत किल्ला, तो सगळा तुझ्याच पत्रातून उतरवून काढला होता. तू जाईबाईसाठी आखलेलं मी तुलाच माझं म्हणून परत पाठवलं. तुझ्या लक्षात आलं असेल. तू काही बोलली नाहीस. तुझं पोस्टकार्ड आलं, ‘ये, वाट बघते. जाईबाईच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक द्यायला सांग.’ तीन शब्द मला आणि एवढं मोठं वाक्य तिच्या गुडघ्यांना!

बघ, अजून माझी जीभ गप्प बसत नाही.

ही पहिली वेळ नव्हे, सुमा. आधीची दहाच्या दहा पत्रं मी अशीच वाचली. दर खेपेला ती पाटी उतरवून आमच्या दारात उकिडवी बसायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, “हां, वाच.” तू लिहिलेलं असायचं, ‘जाईबाई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले नसते तर मी वेडी झाले असते.’ मी वाचायची, सुमतीबाई मजेत आहेत, तिकडे नळाला पाणी कमी येतं. तू लिहायचीस, ‘इथे एवढी माणसं भेटली पण तुझ्यासारखं कोणी नाही.’ मी वाचायची, भाऊजींना ऑफिसात काम खूप आहे. खोटं एक अक्षर वाचलं नाही गं मी! पाण्याचं आणि ऑफिसाचं तू खरंच लिहायचीस, शेवटी दोन ओळींत. तेवढंच मी वाचायची.

उत्तरं सांगताना ती अर्धा अर्धा तास बोलायची. तुला स्वप्नात बघितलं, तुझ्यासाठी भगताला विचारून आले, तुझ्या आवडीची चिंबोरी मिळाली की हात थांबतो. मी मान डोलवायची आणि लिहायची, ‘सर्व क्षेम, आपलेही कळवावे.’ तुला वाटलं असेल, जाईबाई बोलायला गोड आणि पत्रात कोरडी. तिला वाटलं, सुमतीबाय मोठ्या शहरात जाऊन बदलली. दोघींना असं वाटावं म्हणूनच मी ते करत होते.

गेल्या रविवारी ती नव्या सुनेला घेऊन आली. आवडा नाव आहे मुलीचं, दिव्याची, दहावी झालेली. मला हे ठाऊकच नव्हतं. मी औरंगाबादला निघालेय हे जाईबाईला खालच्या वाण्याकडून कळलेलं. तुझ्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे बांधून आणले होते. म्हणाली, “हे सुमतीबायला दे. आनि इचार तिला, मना इसरली काय? नाय, इसरली तरी राग नाय. मोठ्या लोकांला कामा असतान.” मग म्हणाली, “आनि ती सगली कागदा दे गो मना. तुज्याकडं ठेवलेली. आता ही वाचंल. रोज रातच्याला एक वाचून घीन.”

मी म्हटलं, शोधून ठेवते. तिला वाटेला लावलं आणि कपाट उघडून बसले. दोन दिवस माझ्या डोक्यात काय काय आलं ते ऐक. वाळवी लागली म्हणू? वृंदाने फाडली म्हणू? पोरीवर ढकलायलाही मी तयार होते. मंगळवारी संध्याकाळी तर सगळी पत्रं बंबात घालायला घेतली. वर तुझं पहिलं पत्र होतं, ते मी उगाच उघडलं आणि वाचत बसले. जाईबाईला लिहिलेलं पत्र आपल्याला आलंय असं समजून वाचायची मला सवयच लागली होती. ते जळलं असतं तर माझ्याकडे तुझं काय उरलं असतं? चार ओळींची पोस्टकार्डं. म्हणून नाही जाळलं. मन बदललं म्हणून नव्हे. आणि आवडा वाचणारी निघाली नसती तर आज मीच तुझ्या दारात बिरड्याचा डबा घेऊन उभी असते. मला याचं श्रेय देऊ नकोस.

बुधवारी ऑफिसातून परस्पर कोळीवाड्यात गेले. ती ओटीवर जवळा निवडत होती, आवडा शेजारी. मी म्हटलं, मीच वाचते, आज सगळं वाचते. अकराही पत्रं वाचली, एक शब्द न गाळता. पहिल्या तीन-चार पत्रांना तिचे डोळे वाहत होते आणि हात चालू होते. निमंत्रणाचं वाचलं तेव्हा हात थांबले.

“हा कवाचा?”

“दोन तारखेला आलंय.”

“आनि तू काय लिवलास?”

मी सांगितलं. गुडघे, सून, आग्रह करू नये, सगळं. आवडाने मान खाली घातली. जाईबाईने जवळा बाजूला सारला.

“माजं गुडघं? तुजं तीन जिने मी रोज चरते गो, पाटी घेऊन.”

“माहीत आहे.”

“मंग तुना बोलवलान काय तिनं?”

मी नाही म्हटलं.

“मंग तू कशी जानार व्हतीस?”

ती टोमणा मारत नव्हती, सुमा. तिला खरंच कळत नव्हतं. न बोलावता माणूस कसं जाईल, एवढंच ती विचारत होती.

मी पिशवीतून तिकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने नको म्हटलं नाही. आवडाला म्हणाली, “उचल, डब्यात ठेव.” मी उठले, चपला घातल्या, तेव्हा मागून म्हणाली, “म्हावरा टाकीन तुज्या दारात, पयल्यासारका. त्याचा काय नाय. पन माजा कागद आता तुज्या हातात नाय देनार.”

बाकी एक शब्द वाईट बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ते, जे आपण दोघी कधीच बोललो नाही. तुझं बाळ गेलं तेव्हा मला सातवा महिना होता. पोटुशी बाईने त्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं सासूबाई म्हणाल्या, आणि मी सगळ्यांना तेच सांगत आले. पण त्या नाही म्हणाल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, सुमा. माझं पोट घेऊन तुझ्यासमोर कशी उभी राहणार होते मी? तू काय म्हणशील, कशी बघशील, मला भीती वाटली. अकरा दिवस मधल्या भिंतीतून तुझं रडणं ऐकू यायचं आणि मी रेडिओ मोठा करायची. रोज सकाळी जाईबाई पाटी बाहेर ठेवून तुझ्याकडे शिरायची, दुपार उलटून गेल्यावर निघायची. तिचं म्हावरं बाहेर नासायचं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिला कोणी अडवलंही नाही. नंतर वृंदाच्या बारशाला तू आलीस, झबलं घेऊन आलीस, पाळण्याची दोरी धरून हसलीस. मला वाटलं, झालं, मिटलं. मिटलं नव्हतं. तू तेव्हापासून माझ्याशी चांगलं वागत आलीस, एवढंच.

मी जाईबाईवर जळले. अजून जळते. हे शेवटचं एस.टी. स्टँडवर लिहितेय, गाडी सुटायच्या आत तिच्या हाती द्यायला; आत्ता तिला गाडीत बसवून देतानाही जळत होते. आवडाने तिला नवं लुगडं नेसवलंय. खिडकीशी बसून सारखी पदर सारखा करतेय. माझ्या जागेवर बसली आहे, असं माझ्या मनात आलं, आणि मग मनात आलं की जागा तिचीच होती. दोन्ही एकामागून एक आलं. कोणतं खरं ते तू ठरव.

तिला किल्ल्यावर ने. तिथल्या अंधाऱ्या वाटेत तिचा हात धर. मला पोस्टकार्ड टाकू नकोस. मन राखायला चार ओळी लिहिशील आणि मी त्या महिनाभर वाचत बसेन. यापुढे तिची पाकिटं सरळ तिच्याकडे पाठव: सौ. आवडा काळुराम कोळी, चेंदणी कोळीवाडा, ठाणे. तिचं अक्षर चांगलं आहे, मी बघितलं.

तू मला बोलावलं नाहीस. का नाहीस, ते मी विचारणार नाही. त्या अकरा दिवसांत तूही मला बोलावलं असशील मनातल्या मनात, आणि मी आले नाही.

भिंतीपलीकडची,
सरोज