घुगरी काढली म्हणून

॥ जय सेवालाल ॥
साखरा तांडा, ता. सेनगाव
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. संगितास बापूचा आशीर्वाद. सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खुशाल कोणी नाही. फोनवर सांगितलं असतं, पण घर दोन खोल्यांचं आणि तुझ्या याडीचे कान तिखट.

तर तुझ्या याडीने कानशिलावरच्या केसांत गुंफलेली चांदीची घुगरी-टोपली काढून पेटीत टाकली. मी तुरीला पाणी देऊन घरी येतो, बघतो तर बाईची दोन्ही कानशिलं उघडी! नवरा मेल्यावर उतरवायचं लेणं ते. मी धडधाकट जिवंत आहे. तांड्यातल्या बाया हापशावर काय कुजबुजत असतील ते तुला सांगायला नको. वर जेवणही टाकलंय. दोन घास भाकरी खाते आणि ताट सारते. सुनेच्या, निताच्या हातचं गोड लागत नसेल, दुसरं काय.

मी बोलणं सोडलं आहे. तूच तिला चार शब्द सुनाव. जावईबापूंना नमस्कार, लेकरांना पापा.

तुझा,
वसराम बापू


नांदेड
१४ नोव्हेंबर २०२४

ती. बापूंना संगिताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोकं फिरलं. तुम्हा दोघांना रुसायला मुहूर्त लागत नाही हे मी लहानपणापासून बघते. काळी शेळी विकली तेव्हा सगळा उन्हाळा आम्ही पोरांनी निरोप वाहिले. पण बापू, याडीने तापातसुद्धा घुगरी उतरवली नाही. इथे बाजारात लोक वळून वळून बघायचे, तरीही उतरवली नाही. ती तुम्हाला चिडवायला काढेल? काहून काढली, असं तुम्ही एकदा तरी विचारलंत का?

देविदासदादाला फोन केला तर साहेब म्हणाले, म्हाताऱ्यांची भांडणं आहेत, तू मधात पडू नको. याडी फोनवर नुसती रडली. तुम्ही तर फोनच घेत नाही. मला तुमचा भयंकर राग आलाय. विचारा आणि उलट टपाली कळवा.

तुमची लाडकी (अजून तरी),
संगिता


साखरा तांडा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. संगितास आशीर्वाद.

लेक बापाला शिकवायला लागली, बरं आहे. विचारलं. म्हणजे मी अबोला सोडला नाही, निताला विचारायला लावलं. कानशील ठणकतं म्हणे. केसांना फणीसुद्धा लावू देत नाही. चावता चावता जबडा भरून येतो, म्हणून घास ठेवते म्हणे. दात दुखतात हे ऐकलं आहे, जबडा कधी दमतो का? देविदासने आपल्या इथल्या गोरेगावला डॉक्टरला दाखवून डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या. त्यांनीही फरक नाही, म्हणजे सगळी निमित्तं.

काल तर कहर केला. चहा कपाबाहेर ओतला आणि म्हणते, उजव्या डोळ्यापुढं अंधार आला होता. थोड्या वेळाने गेला म्हणे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुढच्या बाजाराला बघू. मी मेलो नाही, एवढं तिला कळव.

वसराम बापू


नांदेड
१८ डिसेंबर २०२४

(याडी सांगते तसं लिहिते. एक शब्द माझा नाही. — संगिता)

देविदासच्या बापूंना रूपाबाईचा रामराम.

तुमचा कागद वाचून पोरगी त्याच दिशी जीपनं आली अन् मला हितं नांदेडला घेऊन आली. तुमी वावरात व्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत उजवा डोळा गेला. त्यो आता येणार न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, कानशिलातली रगताची नळी सुजली हाय, तसल्याच सुजेनं जबडा दुखतो अन् डोळा जातो. आपल्याकडं लई कमी लोकाला व्हतो म्हणे असा आजार. घुगरीचा भार त्याच नळीवर येत व्हता, म्हणून काढली. इतकंच व्हतं.

तुमाला हापशावरच्या बायाची भीती वाटली, माझ्या दुखण्याची न्हाई. एवढी वर्सं एका चुलीचं खाल्लं अन् मला इचारायला सून पाठवली! मी काहून बोलले न्हाई म्हणता? ज्यो म्हणतो मी त्याला मारून बसले, त्याच्यापुढं काय रडू? मला तुमचा राग हाय. डोळ्याइतकाच त्यो बी दुखून राहिला.

आता डाव्या डोळ्याचं ऐका. सूज दाबायच्या गोळ्या हाईत, सकाळी खाऊन घ्यायच्या. एक दिस बी चुकवायच्या न्हाई, डॉक्टरला न इचारता बंद करायच्या न्हाई, न्हाईतर ह्यो डोळा बी जाईल. देविदास फोनवर म्हणला, त्या गोळ्यानं अंग सुजतं, साखर वाढती, आपण झाडपाला बघू. त्याला सांगा, गप बस. साखर तपासायला पोरगी हाय.

पुढल्या आठवड्यात मी येऊन राहिले. घर माझं बी हाय. रोज सकाळी गोळी तुमी तुमच्या हातानं द्यायची अन् इचारायचं, आज दिसतं का. माझ्या उघड्या कानशिलाचं कोण काय बोललं तर दारात उभं राहून तुमीच सांगायचं, मी जिता हाय म्हणून. पुन्हा अबोला धरलात, तर मी मानीन तुमी खरंच गेलात.

संगिता खाली लोभ असावा लिहून राहिली व्हती. मी म्हणलं, खोड ते. लोभ मागून. आधी गोळी.

रूपाबाई