नेपाळचा पहिला दौरा आणि मी

२ जानेवारी, सकाळी ६.१०
पेपरात बातमी. साठीपुढच्या खेळाडूंचा नेपाळचा संघ पहिल्यांदाच भारतात येतोय. एक सामना इथं, संभाजीनगरला. भारताच्या संघाची निवड चाचणी १९ तारखेला, तीही इथंच. माझं वय एकसष्ट, म्हणजे अट पूर्ण. १९९४ च्या आंतर-कार्यालयीन स्पर्धेत पाणीपुरवठा विभागाकडून पाच विकेट माझ्याच. बाकी सगळी औपचारिकता.
उद्यापासून मैदानाला रोज पाच राउंड.

३ जानेवारी
थंडी. स्नायूंना धोका. सोमवारपासून.

६ जानेवारी
एक राउंड पूर्ण. दुसऱ्याला पोटरीत गोळा. हिनं तेल चोळून दिलं आणि विचारलं, आता भारताचं कसं व्हायचं. वच्छलेला खेळातलं कळत नाय.

११ जानेवारी
केरबाला फोन केला. आमच्या ऑफिसातला शिपाई, रिटायर होऊन कन्नडला मेंढरं राखतो. त्रेसष्ट वर्षांचा. मला प्रॅक्टिसला बॉल टाकणारं कोणीतरी पाहिजेच. म्हणाला, येतो साहेब, मेंढरं पुतळाबाई बघंल. पुतळाबाई म्हणजे त्याची बायको.

१४ जानेवारी
केरबानं बारा बॉल टाकले. मी नऊदा बोल्ड. पिच खराब आहे.
त्याचाही फॉर्म भरला. चाचणीला तेवढीच सोबत. तो नाय नाय म्हणत होता, लोक हसतील म्हणाला.

१९ जानेवारी, संध्याकाळी
मला एकच ओव्हर दिली. ती अकरा बॉलची झाली. वारा होता. केरबाला मात्र परत परत टाकायला लावलं.
यादी लागली. केरबा आहे. मी नाय. दोनदा वाचली, मग कागद उलटून मागची बाजू पण बघितली.
केरबा म्हणाला, साहेब, कायतरी चुकलंय, मी जाऊन सांगू का. मी नको म्हणालो. 

२१ जानेवारी
संयोजकांनी मला स्थानिक समन्वयक केलं. पाहुण्यांचं खाणं-पिणं माझ्याकडं. विचार केला तर दौरा म्हणजे समन्वयच. खेळायला काय, कोणीही खेळतं.

७ फेब्रुवारी
नेपाळचे चौदा जण आले. कप्तान रिटायर्ड मास्तर, लई सज्जन माणूस. सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. भाजक्या मसाल्याच्या येसर आमटीचा बेत. ही म्हणाली, तिखट बेतानंच टाकलंय, पाहुण्यांना सवय नसंल. मराठवाड्याच्या इज्जतीचा प्रश्न होता. ती भाकरी थापत होती तेव्हा मी आणखी पाच चमचे तिखट टाकलं.
जेवताना पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपुलकीचं.

८ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
आपुलकीचं नव्हतं. चार जण बाथरूममधून बाहेर येईनात. ओआरएस घेऊन हॉटेलला तीन चकरा.
हिनं उरलेली आमटी चाखली आणि माझ्याकडं बघितलं. 

दुपारी १२
नेपाळचे दहाच जण उभे राहू शकतात. आजचा सामना रद्द करायचं चाललं होतं. मास्तर हात जोडून म्हणाले, आमचा पहिलाच दौरा आहे, असा सोडवत नाही, फील्डिंगला तुमच्यातलं कोणी येईल का. सगळे माझ्याकडं बघायला लागले.
नेपाळची जर्सी पोटावर बसत नाय.

संध्याकाळी ६.३०
शेवटचा बॉल. भारताला तीन रन हवे, शेवटची जोडी, समोर केरबा. पुतळाबाई कन्नडहून जीपनं आलेली, वच्छलेच्या शेजारी पदर तोंडात धरून बसलेली. केरबानं उंच हाणला. बॉल सरळ माझ्याकडं आला, हातात पडला, हातातून सुटला आणि सीमेपार गेला. भारत जिंकला.
मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. होतं असं, म्हणाले. ज्यांना आजारी पाडलं त्यांनाच हरवलं मी. कुठं बघावं कळंना.
लोकांनी केरबाला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो सरळ माझ्याकडं आला. माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरलेले. म्हणाला, साहेब, माझ्यासाठी मुद्दाम सोडला ना.
मी व्हय म्हणालो.
इथं लिहितो, दुसरं कोणी वाचणार नाय. मी तो पकडायलाच गेलो होतो. बोटं वेळेवर मिटली नाहीत.