‘रोखा’ म्हटल्यानंतर

१० जानेवारी, रविवार

आज पुन्हा गेले. जाणार नाही असं सकाळी ठरवलं होतं, आणि वेळ झाली तशी चपला पायात. शिंप्याच्या दुकानावरचा तोच हॉल, तोच कुरकुरणारा जिना. मशीनवरून मान वर न करता शिंपी म्हणाला, "आलात का मावशी." दर रविवारी हेच. नाही आले म्हणू की काय?

सुनेने पातेल्यात तिचा ककाओ घोटून ठेवला होता. चॉकलेट ज्या बियांचं करतात त्याच बिया, पण साखर नाही, दूध नाही. कप छातीशी धरायचा, डोळे मिटायचे, मनातलं एक काहीतरी सोडायचं ठरवायचं आणि सावकाश प्यायचं. मग श्वास. याला ‘सेरेमनी’ म्हणतात. आम्ही जन्मभर उपाशीपोटी प्राणायाम शिकवला, त्याचं कुणी बारसं केलं नाही.

बाकीचे आपापलं ओतून घेतात. माझा कप सून हातात आणून देते, निळा, कान तुटका. शेजारी दातांची डॉक्टरीण बसते. पहिल्याच घोटाला तिचं तोंड असं होतं की हिने पेशंटच्या तोंडात काय काय घातलं असेल ते सगळं आठवतंय. सगळेच कडू कडू करतात. मला तर गोडसर लागतं. नखरे एकेकाचे.

पण मी ते पाणी प्यायला जात नाही. सून स्पीकर लावते आणि माझा मुलगा बोलायला लागतो, म्हणून जाते. "पाठ ताठ. खांदे सैल. घ्या… रोखा… सोडा." माझेच शब्द, माझाच ठेका. लहानपणी माझ्या वर्गात कोपऱ्यात बसून शिकलेला. डोळे मिटले की तो समोर असतो. उघडले की स्पीकर.

१३ जानेवारी

गुडघा. कुणाशी बोलले नाही.

१७ जानेवारी, रविवार

इथे लिहायला कुणाची भीती? लिहितेच. तो तिच्या कपाने गेला.

त्याच हॉलमध्ये. सगळे घरी गेले, हा कप विसळत होता, खाली बसला आणि उठलाच नाही. हृदय, म्हणाले. वर्ष होत आलं. चाळिशीही न गाठलेल्या माणसाचं हृदय असं आपोआप बंद पडतं होय? त्या बियांनी छाती धडधडते हे तीच लोकांना सांगते — "हृदय उघडतं." उघडलं खरं.

लेकीचा फोन आला की तीही हेच म्हणते. तो गेल्यावर महिनाभरात तिने वहिनीला तोंडावर सुनावलं होतं. सून एक अक्षर बोलली नाही. मान खाली घालून पोळपाट पुसत राहिली. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

आता घरात आम्ही दोघीच. सकाळी माझी बीपीची गोळी ती झाकणात काढून ठेवते, बोलत नाही. मी घेते, बोलत नाही. भांडायलाही माणूस जवळचं लागतं.

२४ जानेवारी, रविवार

आज प्यायला बसायच्या आधीच तिने बाजूला घेतलं. "आई, पुढच्या वेळेपासून रेकॉर्डिंग नको. तुम्ही मोजाल का?"

मी म्हटलं, "माझ्याच्याने होणार नाही."

"तर मग कुणी दुसरं बघते. पण हे आता नको."

नको म्हणजे? नवरा गेला, आता त्याचा आवाजही अडचण व्हायला लागला? तिचं वय काही गेलेलं नाही, नवीन संसार मांडायचा असेल तर मांडावा, मी आड येणार नाही. पण तो आवाज मी नऊ महिने पोटात वाढवलाय. तशीच जिना उतरले. शिंप्याने स्टूल पुढे सरकवलं. बसले नाही.

२५ जानेवारी

तिच्याकडे रेकॉर्डिंग मागितलं. म्हणाली, "कशाला आई, त्रास होईल."

"माझ्या मुलाचा आवाज मागतेय, दागिने नाही."

तिने फोन उघडला. मग पाठवलं. पाठवून झाल्यावर म्हणाली, "इअरफोन नका लावू, कान दुखतात तुमचे." माझे कान कधी दुखले? 

२७ जानेवारी

ती कामावर गेल्यावर खिडकीशी बसले. इअरफोन लावले. मुद्दामच.

हॉलमध्ये आवाज दुरून येतो, खालून मशीनची घरघर, कुणाचा खोकला. आज तो थेट कानात होता. माइक कॉलरला लावलेला असणार. थुंकी गिळलेलीसुद्धा ऐकू येते. दोनदा बंद केलं, पदर तोंडात धरून रडले, पुन्हा लावलं.

आणि मग ते ऐकलं.

"रोखा," म्हणाला. सगळे शांत. आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतंय. बारीक, सावकाश, आत, बाहेर. आधी वाटलं शेजारचा कुणी असेल. पण श्वासाबरोबर एक पुसटशी शिट्टी येत होती. डाव्या नाकपुडीची. सायकलवरून पडला होता शाळेत असताना, तेव्हापासून नाकाचं हाड वाकडं. ती शिट्टी ऐकत मी त्याला झोपवलंय. माझ्या मुलाचा श्वास मला कुणी ओळखून द्यायला नको.

लोकांना रोखायला सांगत होता आणि स्वतः रोखत नव्हता. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

लबाड. माझ्या वर्गात असं कुणी केलं असतं तर उभं केलं असतं. जो रोखत नाही त्याने रोखा म्हणू नये, हे मी त्यालाच शिकवलं होतं.

२८ जानेवारी

राग गेला, भीती आली. माझा मुलगा लबाड नव्हता. त्याला रोखणं जमतच नसणार. अंगात त्राणच नसणार. म्हणजे तो एका दिवसात गेला नाही, दर रविवारी थोडा थोडा जात होता. कप पिऊन. आणि ही समोर बसून ओतत होती.

लेकीला फोन केला. "मी म्हणतच होते," म्हणाली. "आता तरी बोल तिला. नाहीतर तिकडून निघून माझ्याकडे ये." येईन म्हटलं. आधी तिला विचारते.

३१ जानेवारी, रविवार

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते, नाहीतर उद्या वाटेल की मी ऐकण्यात काही चुकले.

आज स्पीकर नव्हता. लोकांनी आपलं आपण श्वास घेतला, कसातरी. मी हातातला निळा कप प्यायले आणि वाट बघत बसले. सगळे गेल्यावर ती बेसिनशी कप विसळत होती. त्याच जागी. मी मागे जाऊन उभी राहिले. "तो रोखत नव्हता," म्हटलं. "मी ऐकलंय. तुझ्या या कपाने माझ्या पोराच्या छातीत श्वास धरायचीसुद्धा ताकद ठेवली नव्हती."

तिचा हात थांबला. नळ चालूच.

"इअरफोन लावलेत ना," म्हणाली. "मला माहीत होतं, तुमच्या कानातून सुटायचं नाही. म्हणूनच बंद करत होते."

मग म्हणाली, "त्याला डॉक्टरांनी मनाई केली होती, आई. रोखायचं नाही, भस्त्रिका नाही. हृदयाची झडप खराब होती. ऑपरेशनची तारीख मिळायची होती."

मी म्हटलं, "आणि तरी तू त्याला हे पाजत होतीस?"

"त्याच्या कपात ककाओ नसायचा. खजूर उकळून गाळलेलं पाणी. रंग सारखाच दिसतो. लोकांना कळू नये म्हणून तो सगळ्यांबरोबर कप छातीशी धरायचा."

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तो नको म्हणाला. आईला कळलं तर म्हणेल, मी शिकवलेला श्वासच कमी पडला. शिकवणं सोडून देईल. ऑपरेशन झालं की हसत हसत सांगू, म्हणाला."

"आणि तो गेल्यावर? माझी लेक तुला नाही नाही ते बोलली, मी ऐकत बसले, तेव्हा तरी तोंड उघडायचंस!"

तिने नळ बंद केला. पदराला… नाही, ती पदर घेत नाही, ओढणीला हात पुसले. "तेव्हा तुम्हाला कुणावर तरी रागवायचं होतं," म्हणाली. "माझ्यावर रागावलात की दोन घास जेवायचात. एरवी ताट तसंच परत यायचं."

आम्ही दोघी त्या लादीवर बसलो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा वेळ लागला त्या हाताला. ती रडायला लागली तेव्हा लक्षात आलं, तो गेल्यापासून हिला रडताना मी पाहिलंच नव्हतं. माझ्या रडण्यातून तिला जागाच मिळाली नव्हती.

१ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. तुझ्याकडे येणार नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी

रविवारी मोजेन म्हणाले तिला. ती "बरं" म्हणाली आणि गोळीचं झाकण पुढे सरकवलं.

७ फेब्रुवारी, रविवार

मोजायला मी बसले. समोर दोन कप, माझा निळा आणि डॉक्टरीणबाईंचा. बोलण्याच्या नादात त्यांचा उचलला, घोट घेतला. कडूजहर. जीभ आत ओढली गेली.

निळा पुन्हा तोंडाला लावला. खजूर.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला सून पातेल्याशी उभी होती, माझ्याकडेच बघत. त्याचा कप. माझं बीपी. पहिल्या रविवारपासून. मी तिच्या हातचं हे पिऊन घरी यायचे आणि इथे बसून तिने मुलगा मारला म्हणून लिहायचे.

सगळे डोळे मिटून थांबले होते. मी तोंड उघडलं, आवाज निघेना.

मग तिनेच मोजलं.